डोंगरउतारावरील शेती आणि दरडी : घराच्या वरचे पाणी जिरवू नका, वाट काढून द्या

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य महाराष्ट्रातील दोन पिढ्यांच्या शेतकऱ्यांना पाठ आहे. १९७२ च्या दुष्काळात होरपळलेल्या पठारी भागासाठी ते खरेही आहे. पण ज्या डोंगरावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ज्याचा उतार तीव्र आहे आणि ज्याच्या पायथ्याशी वाडी वसलेली आहे, त्या डोंगराला हे वाक्य जसेच्या तसे लावता येत नाही. तिथे घरांच्या वरच्या अंगाला जिरवलेले पाणी विहिरीत जाईलच असे नाही. ते मातीच्या थराखाली साचून अख्खा उतार खाली आणू शकते.

आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी, भोर, महाड, पोलादपूर, खालापूर, पाटण, जावळी, शाहूवाडी, चंदगड या तालुक्यांतील डोंगरकपारीच्या गावांत भात, नाचणी, वरई ही पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि तिथे काम करणाऱ्या कृषी सहायकांसाठी हा लेख आहे. दरड ही ‘देवाची करणी’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. पाऊस आपल्या हातात नाही, पण पाऊस पडल्यावर ते पाणी उतारावर कुठे थांबते आणि कुठून निघून जाते, हे बऱ्याच अंशी शेतीची कामे ठरवतात.

माळीण, तळीये, इर्शाळवाडी

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या खोऱ्यातील माळीण गावावर डोंगर उतरला. चाळीसहून अधिक घरे चिखल-दगडांखाली गेली आणि १५१ माणसे मरण पावली. बाहेरच्या जगाला ही बातमी दिली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी बसच्या चालकाने. रोज जिथे गाव दिसायचे तिथे त्याला चिखल दिसला. भात लावणीचे दिवस होते. त्या वर्षी जून जवळपास कोरडा गेला होता. देशभरात जूनचा पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ४२ टक्के कमी होता. लांबलेला पाऊस जुलैच्या उत्तरार्धात एकदम आला.

माळीण ही पहिली घटना नव्हती. १९८९ च्या जुलैत मावळातील भाजे गावावर दरड आली होती. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात, ज्यात मुंबईच्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, रायगडच्या महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते ही गावे दरडींखाली सापडली. मुंबईच्या पुराच्या गदारोळात त्या गावांकडे लक्ष जायला उशीर झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातीलच तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच आठवड्यात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि खेड तालुक्यातील पोसरे येथेही दरडी कोसळल्या. त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पावसाची नोंद आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकूर समाजाची वाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने मदत पथकांना डोंगर चढून जावे लागले होते.

या घटनांच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात. २३ जुलै १९८९, २५ जुलै २००५, ३० जुलै २०१४, २२ जुलै २०२१, १९ जुलै २०२३. सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या आहेत. हा योगायोग नाही. जूनचा पाऊस जमीन भिजवतो, जुलैच्या मध्यापर्यंत मातीचा थर तुडुंब भरतो आणि त्यानंतर येणाऱ्या मोठ्या झडीचे पाणी घ्यायला मातीत जागा उरत नाही. नेमक्या याच दिवसांत लावणी आटोपत आलेली असते, उतारावरची खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि सगळे घरी असतात.

आणखी एक गोष्ट. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादीत नाव असणे म्हणजे सावध राहायला हवे, हे खरे. पण यादीत नाव नसणे म्हणजे धोका नाही, असा अर्थ कोणत्याही ग्रामपंचायतीने काढू नये.

डोंगर नेमका का सुटतो

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला डोंगर आहे. दोन कठीण कातळांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या चिकण मातीचा पातळ थर असतो. विहीर किंवा रस्ता खोदताना तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. कातळाच्या वरचा भाग शेकडो वर्षांच्या पावसाने कुजून मुरूम झालेला असतो आणि त्यावर माती असते. पाऊस पडला की पाणी माती आणि मुरमातून झपाट्याने खाली उतरते, पण कठीण कातळावर किंवा तांबड्या थरावर येऊन थबकते. तिथून ते आडवे वाहत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरातल्या बहुतेक वाड्या अशाच एखाद्या झऱ्याच्या आधाराने वसल्या आहेत. म्हणजे ज्या पाण्यासाठी वाडी तिथे आली, तेच पाणी जास्त झाले की तिच्या जिवावर उठते.

झऱ्याची वाट निघून जाणाऱ्या पाण्याला पुरते तोवर काही बिघडत नाही. आत येणारे पाणी बाहेर पडणाऱ्या पाण्यापेक्षा वाढले की मातीच्या कणांमधील पोकळ्या भरतात. त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो. एरवी एकमेकांत अडकून उतारावर टिकून राहिलेली माती त्या दाबामुळे पकड सोडते. वजन तर वाढलेले असतेच. मग एका क्षणी सगळा थर खालच्या ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावरून निसटतो आणि वाटेत पाणी, दगड, झाडे घेत चिखलाच्या लोंढ्यासारखा धावतो. खालच्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

वजनाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब करू. १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. तेव्हा १०० मिमी पावसात एका एकरावर सुमारे ४ लाख लिटर, म्हणजे ४०० टन पाणी पडते. इर्शाळवाडीच्या घटनेआधीच्या तीन दिवसांत त्या परिसरात ४९९ मिमी पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगण्यात आले होते. याचा अर्थ एकरी २० लाख लिटर. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर एका एकरावर रिकामे केल्यासारखे. त्यातील निम्मे पाणी वाहून गेले असे मानले तरी उरलेल्याचे ओझे त्या उतारावर होते.

साधारणपणे २५ अंशांच्या पुढचा, मातीचा किंवा मुरमाचा जाड थर असलेला उतार जास्त धोक्याचा. उघड्या कातळाच्या कड्यावरून दगड सुटतात, पण गाव गाडणारा लोंढा येतो तो मातीच्या जाड उतारावरून. उतार मोजायला यंत्र लागत नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी तिचे एक टोक उतारावर टेकवून आडवी, पातळीत धरावी आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते ३६ सेंमी आले तर उतार सुमारे २० अंश, ४७ सेंमी आले तर २५ अंश आणि ५८ सेंमी आले तर ३० अंश. घरांच्या वर चार-पाच ठिकाणी असे मोजून वहीत लिहून ठेवावे.

दोष पडकईचा की जागेचा

माळीणनंतर दोन गोष्टींवर बरीच चर्चा झाली. एक डिंभे धरणाची आणि दुसरी डोंगरावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाची. धरणामुळे दरड आली, असे म्हणायला आधार मिळालेला नाही. मात्र धरणाचा एक आडवळणाचा परिणाम विसरता येत नाही. या खोऱ्यातील बऱ्याच गावांची तळातली सपाट भातजमीन पाण्याखाली गेली, आणि सपाट जमीन गेली की शेती डोंगरावर सरकते.

सपाटीकरणाच्या मुद्द्यावर नीट विचार करायला हवा, कारण त्यात पडकईचे नाव आले. पडकई ही आंबेगाव-जुन्नर भागातील महादेव कोळी समाजाची जुनी रीत. उन्हाळ्यात अनेक घरांनी एकत्र येऊन एकमेकांच्या वरकस उतारावर दगडाच्या ताली रचायच्या, मागे माती भरायची आणि भाताचे खाचर तयार करायचे. काम हाताने असल्यामुळे एका वर्षी काही गुंठेच होत. ताल दगडी आणि सुकी असल्याने तिच्या फटींतून पाणी झिरपून जात असे. भरलेली माती एक-दोन पावसाळ्यांत दबून बसायची, मग पुढचे खाचर. पुढे या रीतीचा सरकारी कार्यक्रम झाला आणि ठिकठिकाणी कामाला यंत्रे आली.

आमच्या मते पडकईला आरोपी करणे चुकीचे आहे. ज्यांच्याकडे सपाट जमीनच नाही त्यांनी भात कुठे लावायचा? फरक पडतो तो तीन गोष्टींनी : खाचर उतारावर नेमके कुठे आहे, भराव कसा दाबला आहे आणि जादा पाण्याला वाट आहे का. यंत्राने एका आठवड्यात अर्धा डोंगर कापून निघतो. वरची झाडे आणि कारवीची मुळे उपटली जातात, सैल माती उताराच्या कडेवर लोटली जाते आणि पहिल्याच पावसात त्या सपाटीवर तळे साचते. भाताला चिखलणी करून आपण खाचराचा तळ मुद्दाम घट्ट करतो, म्हणून जुन्या खाचरातून पाणी फारसे झिरपत नाही. नव्या, चिखलणी न झालेल्या भरावातून मात्र ते थेट खाली उतरते. वस्तीच्या डोक्यावर असे ताजे सपाटीकरण असणे हा धोका आहे.

म्हणून घरांच्या वरच्या तीव्र उतारावर नवीन खाचर काढू नये. जुने असेल तर ते ठेवावे, पण त्याची ताल, तोंड आणि पाण्याची वाट दर मे महिन्यात पाहावी. नवीन काम करायचेच असेल तर ते वस्तीच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला, कमी उतारावर करावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर करू नये. दिवाळीनंतर सुरू केलेल्या कामातील माती मे महिन्यापर्यंत थोडी तरी बसते. मे अखेरीस केलेल्या भरावाला तेवढा वेळ मिळत नाही.

हेच सलग समतल चरांबाबत. पाणलोटाच्या कामांत चर हे उत्तम साधन आहे, पण ते पाणी थांबवण्यासाठी असतात. कमी पावसाच्या, मध्यम उताराच्या जमिनीवर ते खोदावेत. घाटमाथ्यावर वस्तीच्या वर, जाड मातीच्या तीव्र उतारावर ते खोदणे म्हणजे मातीत पाणी ओतण्याची नळी बसवण्यासारखे आहे. कृषी सहायकांनी आराखड्यात उद्दिष्ट भरायचे म्हणून अशी जागा धरू नये. फळबागेच्या खड्ड्यांचेही तसेच. आंबा किंवा काजूसाठी मे महिन्यात खोदलेले खड्डे पावसाळाभर उघडे राहिले की प्रत्येक खड्डा एक शोषखड्डा होतो. खड्डे पहिल्या पावसाआधी भरून घ्यावेत आणि वर थोडा उंचवटा ठेवावा.

पाण्याला वाट कशी द्यावी

पर्यायी काम आहे वळण चराचे. वस्तीच्या आणि खाचरांच्या वर, उतार जिथे बदलतो त्या रेषेत, पाणी आडवे नेणारा चर काढावा. तो समतल नसावा. त्याला दर १०० मीटरला ५० सेंमी ते १ मीटर इतका हलका उतार द्यावा. यापेक्षा कमी दिल्यास पाणी साचते, जास्त दिल्यास चर स्वतःच कापला जातो. चराचा तळ आणि खालची बाजू दगडांनी बांधून घ्यावी. पाणी सोडायचे ते कातळाचा तळ असलेल्या नैसर्गिक ओढ्यात. शेजाऱ्याच्या बांधावर किंवा मोकळ्या मातीवर सोडले तर दरडीची जागा फक्त बदलते. या कामावरून भावकीत भांडणे होतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून चराची रेषा ग्रामसभेत, जमीनमालकांना बरोबर घेऊन ठरवलेली बरी.

चर काढण्यापेक्षा तो साफ ठेवणे अवघड जाते. पालापाचोळा आणि गाळाने भरलेला वळण चर हा चर नसल्यापेक्षा वाईट, कारण तुंबलेले पाणी एकाच जागी फुटते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि नंतर प्रत्येक मोठ्या झडीनंतर त्यावरून फेरी मारावी.

खाचरांत पाण्याची पातळी कमी ठेवल्याने भाताचे नुकसान होत नाही. लावणीनंतर रोपे रुजेपर्यंत आणि फुटवे येताना दोन ते पाच सेंमी पाणी पुरते. अतिमुसळधार पावसाचा इशारा आला की वरच्या खाचरांची तोंडे उघडून द्यावीत. वरून खाली एकाच रेषेत तोंडे उघडू नयेत, नाहीतर मधल्या ताली वाहून जातात. तोंडे आलटून पालटून दोन्ही बाजूंना, दगड लावलेल्या जागी असावीत. अशा वेळी युरिया फेकून दिला तर तो पाण्याबरोबर जातो. खत द्यायचे काम पाऊस ओसरेपर्यंत थांबवावे. चारसूत्री पद्धतीने लावणी करणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण चार चुडांच्या चौकोनात ७ ते १० सेंमी खोल खोचलेली युरिया-डीएपीची गोळी पाणी सोडले तरी बरीचशी जागेवर राहते.

झाडांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. झाडे लावली की दरड थांबते असे सरसकट म्हणता येत नाही. मुळे दोन-तीन मीटरपर्यंतची माती धरतात. थर त्याहून खोलवर सुटला तर झाडांसकट येतो. तरीही उथळ घसरण आणि धूप थांबवण्यासाठी मुळांसारखे दुसरे साधन नाही. डोंगरउतारावर मुळातच असलेली कारवी तोडू नये. चराच्या आणि तालीच्या कडेला वाळा लावावा, त्याची मुळे सरळ खोल जातात. बांबू ओढ्याच्या काठाला चांगला. घराच्या अगदी वर मोठी, झुकलेली झाडे असतील तर त्यांच्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवाव्यात, बुंधा आणि मुळे मात्र राहू द्यावीत.

घरामागची कापणी हा विषय छोटा वाटतो, पण दर पावसाळ्यात माणसे आणि जनावरे दगावतात ती बहुतेक अशा लहान दरडींनी. जोत्यासाठी किंवा गोठ्यासाठी डोंगर उभा कापला जातो आणि भिंत त्या कापाला चिकटून बांधली जाते. काप आणि भिंत यांत मोकळी जागा ठेवावी, तिथे गटार काढावे, पागोळ्यांचे पाणी त्या गटारातून बाहेर न्यावे. कापाला आधार म्हणून भिंत बांधल्यास तिच्यात पाणी निघायला भोके ठेवावीत. बंद सिमेंटची भिंत मागे पाणी साठवते आणि त्यासकट पडते. माळीणचे पुनर्वसन शेजारच्या आमडे येथे २०१७ मध्ये झाले. तिथेही पहिल्या पावसाळ्यात भराव खचल्याच्या आणि रस्त्यांना तडे गेल्याच्या बातम्या आल्या. नवी जागा सुरक्षित असली तरी काप, भराव आणि गटारे यांचा नियम तिथेही लागू होतो.

डोंगर आधी काय सांगतो

मोठ्या दरडीआधी काही ना काही खुणा दिसतात, मात्र त्या पाहायला कोणीतरी वर जायला हवे. उताराच्या वरच्या भागात, विशेषतः सपाटी संपून उतार सुरू होतो तिथे, अर्धगोल तडे जातात. वर्षानुवर्षे स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ होतो किंवा भर पावसात आटतो. नव्या जागी उपळे फुटतात. झाडे, विजेचे खांब, कुंपणाचे डांब एका दिशेला कलतात. घराची दारे-खिडक्या घासू लागतात, जमिनीला भेगा पडतात, उताराच्या पायाशी जमीन फुगते. ओढ्याचे पाणी पाऊस चालू असताना एकाएकी कमी झाले तर वर कुठेतरी माती अडली आहे असे समजावे.

झरा आटण्याची किंवा गढूळ होण्याची खूण बायकांच्या लक्षात सर्वांत आधी येते, कारण पाणी त्याच भरतात. त्यांचे म्हणणे पोलिस पाटलापर्यंत पोचण्याची सोय गावाने करून ठेवावी.

तडा दिसला की आधी त्याच्या खालची घरे रिकामी करावीत, तलाठ्याला कळवावे, मग तड्याचा विचार करावा. उघडीप मिळाली आणि वर जाणे सुरक्षित असेल तर तडा चिकण मातीने भरून ठोकावा आणि शेततळ्याचे जुने प्लॅस्टिक वर अंथरून पाणी आत जाणार नाही असे करावे. हा तात्पुरता उपाय आहे. तडा बुजवला म्हणून घरात परतू नये.

पाऊस गावातच मोजा

हवामान विभाग २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पावसाला मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिमीला अतिमुसळधार आणि त्यापुढच्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतो. इशारे जिल्ह्यासाठी असतात आणि महसूल मंडळातील पर्जन्यमापक बहुधा खाली मोठ्या गावात असतो. घाटात पाच किलोमीटरवर पाऊस दुप्पट होऊ शकतो. म्हणून वाडीचा स्वतःचा पर्जन्यमापक हवा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा कोणताही पारदर्शक डबा चालतो. तो मोकळ्या जागी, घर-झाडांपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावा, रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून मिमीमध्ये लिहावे आणि ओतून द्यावे. डबा मोठा, उंच घ्यावा. अशा पावसात तो रात्रीत भरून वाहू शकतो. शाळेतील मुलांकडे हे काम दिले तर ते नियमाने होते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

किती मिमीला घर सोडायचे? सर्व गावांना लागू पडेल असा आकडा नाही. माती, उतार, आधीचा पाऊस सगळे वेगळे. तरी सुरुवात म्हणून आम्ही असे सुचवू : एका दिवसात २०० मिमी किंवा सलग तीन दिवसांत ३०० मिमी पाऊस झाला आणि पुढे लाल इशारा असेल तर उताराखालच्या घरांनी त्या रात्री शाळेत किंवा ठरलेल्या जागी झोपायला जावे. महाबळेश्वरसारख्या पावसाच्या पट्ट्यात हे आकडे हंगामात अनेकदा गाठले जातील, तिथे आपल्या नोंदी पाहून ते वाढवावेत. वर सांगितलेली एकही खूण दिसली तर मात्र पाऊस कितीही कमी असो, थांबू नये. जनावरांची दावी सोडून द्यावीत. रात्री गोठ्यात अडकलेल्या बैलासाठी माणूस मागे फिरतो, हे धोक्याचे आहे.

गावाची आपत्ती-वही

कृषी सहायक, आशा सेविका आणि ग्रामसेवक यांनी मिळून एका दुपारचे काम म्हणून ही वही तयार करावी. गावातील पाच-सहा वयस्कर स्त्री-पुरुषांना बसवून जुन्या घटना विचाराव्यात. साल आठवत नाही ही अडचण येते. मग खुणेची वर्षे वापरावीत : ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, २००५ चा पूर, २०२१ चा पाऊस. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ असे विचारले की उत्तर मिळते. कुठल्या बाजूची ताल वारंवार पडते, कोणत्या ओढ्याने वाट बदलली, कुठे जुने मोठमोठे धोंडे मातीत अर्धे गाडलेले आहेत, कोणत्या जागेला लोक खचलेली जागा म्हणतात, हे सगळे गावाच्या नकाशावर मांडावे. मातीत गाडलेल्या धोंड्यांची रास पायथ्याशी असेल तर ती बहुधा एखाद्या जुन्या दरडीने आणलेली असते. तिथे पुन्हा येऊ शकते. नवी घरे मंजूर करताना हा नकाशा समोर असावा. वीज पडल्याच्या, वादळात छपरे गेल्याच्या नोंदीही याच वहीत घ्याव्यात, वेगळी वही नको.

दरडीनंतर जमीन आणि भरपाई

दरड थांबली म्हणजे डोंगर स्थिर झाला असे नाही. वर सुटलेली माती पुढच्या पावसात पुन्हा येऊ शकते, म्हणून पाऊस संपेपर्यंत त्याच्या खालची शेती करायला जाऊ नये. दगडगोटे आणि गाळ काढण्याचे काम ऑक्टोबरनंतर, जमीन वापशावर आल्यावर करावे. वर आलेल्या मुरमात सेंद्रिय कर्ब नसल्यात जमा असतो. पहिल्या वर्षी भाताची घाई न करता उरलेल्या ओलीवर वाल किंवा हरभरा घ्यावा, पुढच्या पावसाळ्यात ताग किंवा धैंचा गाडावा, गिरिपुष्पाचा पाला आणि शेणखत द्यावे. बांधावरच्या गिरिपुष्पाच्या फांद्या यासाठी आधीच लावून ठेवलेल्या असतील तर पाल्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

पंचनामा होण्याआधी गाळ उचलू नये. मोबाइलवर तारीख दिसेल असे फोटो काढावेत आणि लेखी अर्ज तलाठ्याकडे देऊन पोच घ्यावी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत शेतात तीन इंचांहून जास्त गाळ साचल्यास किंवा डोंगराळ भागात शेतातील ढिगारा हटवण्यासाठी हेक्टरी १८ हजार रुपये आणि दरडीने जमिनीचा मोठा भाग नाहीसा झाल्यास हेक्टरी ४७ हजार रुपये मदत धरलेली आहे. दुसरी मदत अल्प व अत्यल्प भूधारकांना मिळते. अर्ज करताना त्या वेळी लागू असलेला दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावा. पीक विम्याच्या मूळ केंद्रीय योजनेत भूस्खलन ही स्थानिक आपत्ती मानली जाते आणि ७२ तासांच्या आत कळवावे लागते. पण महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगांवर आणला आहे, त्यामुळे त्या हंगामात स्थानिक आपत्तीचे कलम लागू आहे की नाही, हे विमा हप्ता भरतानाच तपासावे. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर दोन्हीकडे अडते. वरकस जमिनीवरील नाचणी आणि वरईची ई-पीक पाहणी डोंगरात रेंज नाही म्हणून राहून जाते. ती लावणीनंतर लगेच, पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशी करून घ्यावी.